नेमकं काय मागू?

नगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तू नगरच म्हण)
१४ नोव्हेंबर

प्रिय शांत्या,

प्रभूमध्ये सलाम.

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच फिदीफिदी हसतोस आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून कागद. आम्ही बरे. माझी शुगर काठावर, आईचे गुडघे होते तसेच. आपल्या बेबीताईचं, माझ्या बहिणीचं, मात्र सविस्तर लिहितो.

माझी किडनी तिला चालणार नाही. रक्तगट जुळला, टिश्यूही निम्म्या जुळल्या, डॉक्टर खूश होते. शेवटी क्रॉसमॅच केली, म्हणजे माझ्या पेशी आणि तिचं रक्त एकत्र करून बघतात. ती पॉझिटिव्ह आली. इथे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बरं का, मी आधी 'हालेलुया' म्हणून मोकळा झालो होतो. तिच्या रक्तात अँटिबॉडी आहेत. दोन बाळंतपणं झाली, मधे रक्त चढवलं, त्यातून तयार होतात म्हणे. त्या माझ्या पेशींवर तुटून पडल्या. बेबी म्हणते, "लहानपणापासून मला तुझं काही चालत नाही, आता लॅबनं लिहून दिलं."

त्या रिपोर्टसाठी अख्ख्या मंडळीनं उपास धरला होता. आत्याबाईंनीसुद्धा, आणि त्यांना चहाशिवाय उठवत नाही हे तुला माहीत आहे. रिपोर्ट आल्यावर पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना केली, चांगली केली, आणि जाताना म्हणाले, "'नाही' हेही उत्तरच असतं." मला तू आठवलास. दादाच्या वेळी हेच वाक्य कुणीतरी जिन्यात म्हटलं होतं, तेव्हा तू म्हणाला होतास, "आत जा आणि हे दादाला ऐकवा." मी पाळकसाहेबांना तसं काही म्हटलं नाही. चपला शोधून दिल्या.

गेल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत एक बाई साक्षीला उभ्या राहिल्या. प्रभूनं बोअरला पाणी दिलं. शेजारच्या वावरात दोन बोअर कोरडे गेले, आमच्या एकालाच लागलं, स्तुती असो. सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हणालो, सवयीनं. मग वाटलं, शेजारच्यानं मागितलं नसेल का?

आता खरं लिहितो. बेबीचं नाव पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मेंदूमृत माणसांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत लागलंय. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाशी किडनीची अदलाबदल होते, तोही फॉर्म भरलाय, पण जास्त भरवसा यादीवर. घरात रोज रात्री आई मोठ्यानं मागते, "प्रभू, लवकर किडनी मिळू दे." आणि शांत्या, माझ्या तोंडून आमेन निघत नाही. लवकर म्हणजे काय? ती किडनी कुठून यायची? कुणाचा तरी मुलगा सकाळी डबा घेऊन, मोटारसायकल काढून बाहेर पडणार, तेव्हा ना? देवाकडे मी नेमकं काय मागतोय?

हे दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. बायकोला म्हणालो तर ती म्हणाली, "तुम्ही फार विचार करता." दादाच्या वेळी तू आणि मी त्या आयसीयूबाहेर बसलो होतो. मेंदू मृत झालाय का याची पहिली तपासणी झाली आणि दुसरी सहा तासांनी करायची, कायदाच तसा आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या सहा तासांत आपण किती मागितलं! फक्त एक बोट हलू दे, एवढ्यावर आलो होतो. दुसरी तपासणीही तशीच आली. मग काकूंनी दादाचे अवयव द्यायची सही केली. डोळे, दोन्ही किडन्या, लिव्हर. म्हणजे आपण भिंतीच्या अलीकडे मागत होतो तेव्हा पलीकडे कुठेतरी दुसरं एक घर मागत होतं. त्यांचं ऐकलं गेलं. त्यांनी चर्चमध्ये, देवळात, जिथे जात असतील तिथे, साक्षही दिली असेल. आता त्या पलीकडच्या घरात मी आहे.

त्यानंतर भिंगारला चहाच्या टपरीवर आपलं वाजलं. यापुढे मागायचंच नाही, नुसते आभार मानायचे, असं तू म्हणालास. मी बायबलातल्या त्या विधवेचा दाखला दिला, न्यायाधीशाच्या मागे लागून लागून न्याय मिळवणारी. तू म्हणालास, तो न्यायाधीश अन्यायी होता हे विसरू नकोस. नाताळच्या कॅरलपर्यंत आपण बोललो नाही. (कॅरलला सूर तूच सोडलास, हे अजून मान्य कर.) माझं मत अजून तेच आहे. मागायचं. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागितलं, वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं स्वतः मागितलं, दुःखाचा प्याला टळला नाही. पण तो टळला असता तर आपलं काय झालं असतं? त्याचं न ऐकलेलं मागणंच आपल्या पदरात पडलं. हे मी पुलपिटवरून बोलणार नाही, आणि काकूंसमोर तर मुळीच नाही. तुला लिहितोय कारण तू चिडून का होईना, शेवटपर्यंत वाचशील.

मधे बेबीला घेऊन केडगावला गेलो होतो. आपलं नगरचं नव्हे, दौंडकडचं, मुक्ती मिशनचं. पंडिता रमाबाईंचा भाऊ गेला, दोनेक वर्षांत नवरा गेला, आणि शेवटी १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. तोवर बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. लेकीसाठी त्या रात्र-रात्र गुडघ्यांवर नसतील का? आणि तेच स्तोत्रांचं पुस्तक मराठीत आणायचं! अठ्ठ्याऐंशीवं काढून बघ. सुरुवातीपासून गाऱ्हाणं आणि शेवट अंधारात. त्यावर प्रवचन आपण कधी ऐकलं नाही. हल्ली मी तेच वाचतो. असली तक्रार पवित्र शास्त्रात ठेवून घेणाऱ्या देवावर माझा विश्वास बसतो, बोअरवाल्यावर बसत नाही.

बेबीचं विचारशील. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर. डाव्या मनगटाला फिस्टुला केलाय, म्हणजे मशीनसाठी दोन रक्तवाहिन्या जोडल्यात, त्यावर बोट ठेवलं की आत मोटार चालू असल्यासारखी थरथर लागते. ती भाच्यांना हात लावून बघायला देते, पाच रुपये घेऊन. पाणी मोजून, म्हणून बर्फाचा खडा चघळत बसते. प्रार्थना करत नाही. म्हणते, "तू लावलीयस ना रांग, मग दोघांनी कशाला उभं राहायचं?"

सध्या मी असं मागतो: ज्याची जायची वेळ आली असेल त्याला जाऊ देऊ नकोस. आणि तरीही गेलाच, तर त्याच्या आईला काकूंसारखी सही करायचं बळ दे. हे बरोबर आहे का, माहीत नाही. पहिलं ऐकलं तर दुसऱ्याची गरजच नाही, आणि मग बेबी तिथेच.

काकूंना एक विचारशील? त्या रात्री पलीकडे कुणीतरी मागत होतं, याचा त्यांना राग येतो का? विचारवत नसेल तर तुझं तू लिही.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरगी बारावीला ना, तिला माझे आशीर्वाद सांग, अभ्यासाचं बोलू नकोस. नाताळला येणार असशील तर आधी कळव. आत्याबाईंना करंज्या किती करायच्या ते ठरवायचंय, आणि तू मोजून खात नाहीस.

तुझा,
पभ्या