सूचना : जीसॅप ३ वर येताना

मंडळी, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी चादरवाल्यांच्या साइट नव्या करायच्या आहेत, तर जुना ट्वीनमॅक्सचा कोड आत्ताच जीसॅप ३ वर हलवा (जीसॅप म्हणजे वेबपानावर ॲनिमेशन करायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, ट्वीनमॅक्स हा तिच्या जुन्या आवृत्तीतला भाग). जीसॅप ३ आलं २०१९ मध्ये. मागे राहिलो ते आपणच!

ट्वीनलाइट, ट्वीनमॅक्स, टाइमलाइनमॅक्स सगळं आता एकाच जीसॅप ऑब्जेक्टमध्ये आहे. ड्युरेशन (ॲनिमेशन किती वेळ चालायचं ते) वेगळं न देता महिरपी कंसातल्या बाकीच्या प्रॉपर्टींसोबत लिहायचं. स्टॅगरचंही (घटक एकामागून एक, थोड्या अंतराने हलवण्याचं) तेच.

जुनी पद्धत बहुतेक ठिकाणी चालते, म्हणून गाफील राहू नका. ओव्हरराइट (एकाच घटकावर नवं ॲनिमेशन आलं की त्याच्याशी टकरणारं जुनं थांबवायचं का, ती सेटिंग) आधी आपोआप ‘ऑटो’ असायचं, आता ‘फॉल्स’ असतं. माउस भराभर फिरवला की मेन्यू थरथरतो तो यामुळेच (माझी अख्खी संध्याकाळ गेली). डिफॉल्टमध्ये एकदाच ‘ऑटो’ लिहून टाका.

नवी-जुनी फाइल एका पानावर एकत्र ठेवू नका. अडलं तर कोडचा तुकडा ग्रुपवर टाका, स्क्रीनचा फोटो नको.