सॅडलचे स्क्रू मागवण्याआधी

मुंबई
१२ जुलै

प्रिय मंदार,

तुझ्या गिटारचे फोटो बघितले. सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते छोटे तुकडे, गंजलेत, पण ते ज्यावर बसतात ती ब्रिजची पट्टी चांगली आहे. अख्खा ब्रिज बदलू नकोस, सहा सॅडल किंवा नुसते उंचीचे बारा स्क्रू बदलून भागेल. तुझी इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटोकास्टर घाटाची, पण फक्त ‘स्ट्रॅटोकास्टरचे सॅडल’ एवढ्या नावावर ऑर्डर देऊ नकोस. त्या नावाने निदान दोन मापं आणि दोन जातींचे आटे विकले जातात, आणि फोटोत सगळे सारखेच दिसतात.

आधी तारांचं अंतर मोज. सॅडलवरच, जाड ई तारेच्या मध्यापासून बारीक ई तारेच्या मध्यापर्यंत, व्हर्निअरने. फूटपट्टीवर विसंबू नकोस. सुमारे ५६ मिमी आलं तर जुन्या अमेरिकन घडणीचं रुंद माप, ५२.५ आलं तर अरुंद. पाचाने भागलंस की एका सॅडलची रुंदी कळते, ११.२ किंवा १०.५. अरुंद पट्टीवर रुंद सॅडल घातले तर सहावा बसतच नाही. उलट केलंस तर एकूण चार मिमी फट उरते, सॅडल तिरके होतात आणि तार वाकवली की बाजूला सरकतात.

मग आटे. खरी फसगत इथेच होते. आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींना एम३ (३ मिमी जाडीचा) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, असतो, त्याला १.५ मिमीची ॲलन की लागते. अमेरिकन गिटारीत ४-४० या इंची मापाचे आटे आणि ०.०५० इंची की, म्हणजे १.२७ मिमी. जाडी ३ आणि २.८४, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. पण एम३च्या आट्यांमधलं अंतर ०.५ मिमी, ४-४०चं ०.६३५. चुकीचा स्क्रू दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावलास की सॅडलचे आटे मेलेच समज. बोटांनी सहज फिरेल तेवढाच फिरव.

तुझ्याकडे १.५ची की घट्ट बसत असेल तर काम सोपं आहे. एम३ स्टेनलेस ग्रब स्क्रू इथे नागदेवी स्ट्रीटच्या नटबोल्टवाल्यांकडे सुटे मिळू शकतात, गिटारच्या दुकानात जायची गरज नाही. ८ मिमीचे चार आणि १० मिमीचे आठ घे. छोटे दोन्ही ई तारांच्या सॅडलना. फिंगरबोर्डला गोलाई असते, म्हणून कडेचे सॅडल खाली बसतात. तिथे लांब स्क्रू लावलास तर टोक वर येऊन तळहाताला टोचतं. कोकणच्या दमट हवेत साधं स्टील घेऊ नकोस, स्टेनलेसच माग.

जुना स्क्रू निघत नसेल तर सॅडल गिटारवरून काढून तेल रात्रभर मुरू दे. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट सॅडलला टेकव आणि की फिरव. स्क्रूमधलं षटकोनी भोक झिजलं असेल तर किंचित मोठी टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराची) बिट हलकेच ठोकून बसव. गंजाचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटतो, म्हणून आधी पिकअपवर मास्किंग टेप लाव.

ट्रेमोलोचा, म्हणजे सूर हलवायचा, दांडाही बदलणार असशील तर जुना दांडा मोजल्याशिवाय नवा घेऊ नकोस. अमेरिकन दांड्याचे आटे १०-३२ या इंची मापाचे, म्हणजे जाडी ४.८३ मिमी, आशियाई ५ किंवा ६ मिमी. ५चा दांडा १०-३२च्या भोकात सुरुवातीला शिरतोही, कारण आट्यांचं अंतर ०.८ आणि ०.७९ आहे, आणि मग असा अडकतो की दांडा ज्यात बसतो तो धातूचा ब्लॉकच खराब होतो.

एका वेळी एकच सॅडल बदल. सगळं बसल्यावर नव्या तारा लावून सूर जुळव आणि बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर हार्मोनिकशी (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून येणाऱ्या सुराशी) ताडून बघ. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे घे, उतरा आला तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात आणून मगच तपास.

मोजमापं आली की कळव, सोबत स्क्रूच्या वरच्या टोकाचा, की बसते त्या बाजूचा, एक जवळून फोटो पाठव.

तुझा,
सुहास