ब्रशचे रंग मागवले, एअरब्रशचे आले

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : जाहिरातीशी न जुळणारा ॲक्रिलिक रंगांचा संच परत घेण्यास दिलेला नकार

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी 'ब्रश पेंटिंग संच' मागवला होता. पानावरच्या फोटोत व्हॅलेहो या कंपनीच्या 'मॉडेल कलर' मालिकेच्या, ब्रशने द्यायच्या रंगांच्या बाटल्या आहेत. पार्सलमधून निघाल्या त्या 'मॉडेल एअर'च्या, म्हणजे एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने) मारायच्या रंगांच्या. बाटल्या दिसायला सारख्याच, पण लेबलवरचा क्रमांक बघा : मॉडेल कलरचे क्रमांक ७० पासून सुरू होतात, एअरचे ७१ पासून. माझ्याकडच्या सगळ्या बाटल्यांवर ७१ आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, "सर, ॲक्रिलिक ते ॲक्रिलिकच, दोन कोट जास्त मारा." मारून पाहिले. भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा हौसेने त्या विमानाच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीचे १/७२ प्रमाणातले, जोडून रंगवायचे किट घेतले होते. जेमतेम वीतभर विमान. एअरचा रंग एअरब्रशच्या बारीक नोझलमधून जावा म्हणून मुळातच ताकासारखा पातळ असतो. तो ब्रशने पंखावर ओढला की पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघांत जाऊन साचतो आणि कडांवर खालचे प्लॅस्टिक उघडे पडते. मॉडेल कलर दाट असतो. पॅलेटवर त्यात थेंब-दोन थेंब पाणी घालायचे आणि दोन-तीन पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. ब्रशच्या रेघा बहुतेक जिरतात. एअरने ब्रशकाम होतच नाही असे मी म्हणत नाही. कॉकपिटमधला निळसर हिरवा रंग त्यानेच दिला, बरा झाला. पण अख्ख्या पंखाचा करडा? नाही.

नंतर त्याच प्रतिनिधीने बदली म्हणून तामिया या दुसऱ्या कंपनीच्या रंगाच्या बाटल्या देऊ केल्या. तामियाचा रंग एअरब्रशमधून सुरेख बसतो, मीही मित्राच्या एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर वापरला आहे. पण तो भराभर वाळतो, आणि त्यात अल्कोहोल असल्याने ब्रशचा दुसरा हात फिरवताना खालचा थर उचकटतो. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारे द्रव्य) घालून जमवणारे आहेत. मात्र 'ब्रश पेंटिंग संच' म्हणून नवख्या माणसाच्या हाती ते देणे म्हणजे त्याला छंदातून उठवण्याचीच सोय.

शेवटी ईमेल आला : "सील उघडलेले असल्याने परतावा नाही." झाकण उघडल्याशिवाय रंग दाट की पातळ हे कसे कळावे, तेवढे कळवा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्याच नियमांत आहे.

तरी मला त्याच छटा ७०च्या मालिकेत पाठवाव्यात, नाहीतर कुरिअरच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. चुकीच्या बाटल्या तुमच्या खर्चाने उचलून न्याव्यात. उरलेला रंग त्यांत आहे, कॉकपिटला आणि पंखावर वापरला तेवढा सोडून. संकेतस्थळावर मालिकेचे नाव आणि क्रमांकही स्पष्ट लिहावेत. मुदतीत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

सोबत : पावतीची प्रत, बाटल्यांचे व पंखाचे फोटो, तुमचा ईमेल.

आपला,
एक ग्राहक, पुणे