दीड गुंठ्याच्या परसबागेसाठी पण एक कोपरा ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 चा मे महिनाभर आपल्या पेपरात अवकाळीच्या बातम्या वाचत होते. काढून ठेवलेला कांदा भिजला, आंबा गळाला, पंचनामे सुरू झाले, सगळं बरोबर आहे आणि त्या लोकांचं नुकसान लाखात आहे. माझी घरामागची परसबाग दीड गुंठ्याची, ना सातबाऱ्यावर ना भरपाईच्या 33 टक्के नुकसानीच्या नियमात, पंचनाम्याला कोणी आलंच तर टोमॅटोची अकरा झाडं बघून चहा पिऊन जाईल. त्यामुळे भरपाईसाठी लिहीत नाहीये. मला तुमच्या शेतीच्या पानाबद्दल बोलायचंय.

आम्ही इंदापूर तालुक्यातले. कॅनॉलच्या कडेला ऊस दिसतो म्हणून लोकांना वाटतं इथं पाणीच पाणी, पण आमच्या वाडीनं टँकर पण बघितलाय, आणि मी या घरात आले तेव्हापासून आमच्या आत्यांनी (सासूबाईंनी) एकच गोष्ट शिकवली, पाणी वाया घालवायचं नाही. भांड्यांचं पाणी अळूला, न्हाणीचं केळीला, तांदूळ धुतलेलं कडीपत्त्याला. वाफे जमिनीपेक्षा चार बोटं खाली, म्हणजे घातलेलं पाणी बाहेर जायला नको. प्रत्येक वेलाला परातीसारखं खोलगट आळं, वरून उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन, एप्रिलपासून हिरवी नेट. तुमच्या पानावर पण दरवर्षी मेमध्ये हेच येतं, उन्हात झाडं कशी जगवायची, पाणी कसं वाचवायचं, मी ती कात्रणं काढून ठेवते.

तर यावर्षी ही सगळी हुशारी अंगाशी आली.

30 एप्रिलला अक्षय्य तृतीया झाली, त्या दिवशी आत्यांनी नेहमीसारखं कारलं, काकडी, भोपळ्याचं बी आळ्यात टोचलं. आठवड्याभरात वळीव सुरू झाला. आम्ही खूश, वळीव म्हणजे काय तर दोन-चार संध्याकाळी वारं सुटणार, गारा पडल्या तर पोरं ग्लासात गोळा करणार, मातीचा वास येणार, संपलं. पण हा काय जायचं नावच घेईना. दुपारपर्यंत उकाडा, चारला आभाळ काळं, रात्रभर पाऊस, सकाळी बाहेर बघावं तर आळ्यात पाणी तसंच. मग 24 मेला मान्सून केरळात, आणि 26 तारखेला मुंबईत आणि पुण्यात पण. मुंबईत याच्या आधी सगळ्यात लवकर आला होता तो 1956 साली, 29 मेला. आपल्या पुण्याची तारीख एरवी 10 जून. म्हणजे आमच्याकडे वळीव संपला कधी आणि पावसाळा लागला कधी ते कळलंच नाही, मधे वाळायला एक दिवस मिळाला नाही. आत्या म्हणाल्या, वैशाख वणवा म्हणतात तो यंदा पंचांगातच राहिला.

टोमॅटोची झाडं आधी खालून पिवळी पडली. मला वाटलं पावसानं खत वाहून गेलं, म्हणून मूठ मूठ युरिया टाकला. दोन दिवसांनी भर पाण्यात उभी असलेली झाडं उन्हानं सुकल्यासारखी माना टाकून बसली. एक उपटलं तर हिसका पण द्यावा लागला नाही, हातात आलं. मुळं पांढरी हवीत ती चहाच्या रंगाची, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. वास डबक्याचा. अकरापैकी सात झाडं अशी गेली. मुळाला पाणी लागतं तशी हवा पण लागते, काळ्या मातीत पाणी साचलं की हवा कोंडते आणि मग कुजवणारी बुरशी लागते, हे मला शेजारच्या काकांनी सांगितलं, त्यांच्या उसाचा एक तुकडा चिबड (पाणी धरून ठेवणारा) आहे त्यामुळे त्यांना हे रोजचं. ते बांधावर उभे राहून हसले, म्हणाले वहिनी तुम्ही बाग नाही केली, तळं केलंय.

दुसरी चूक माझीच. एक दिवस उघडीप मिळाली तर मी खुरपं घेऊन वाफ्यात उतरले, माती हलवली की वाळेल म्हणून. वाफसा नव्हता, म्हणजे माती हात घालण्याइतकी सुकली नव्हती. शेतकऱ्याच्या घरातली असून वाफसा विसरले, कारण दीड गुंठ्याला कोण वाफसा बघतं! चिखल तुडवला गेला आणि नंतर ऊन पडलं तेव्हा त्याच्या विटा झाल्या, कोथिंबिरीचा एक कोंब वर आला नाही. आता मी मूठभर माती घेऊन लाडू वळते आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडते. फुटला तर वाफ्यात जायचं, थपकन बसला तर घरात जाऊन दुसरं काम करायचं.

मग आमच्या ह्यांनी आणि मी मिळून एक रविवार चारी खणली. वाफ्यांच्या कडेनं वीतभर खोल, बागेच्या उताराकडच्या कोपऱ्यातून थेट बाहेर. कुदळीच्या शेवटच्या घावाला पाणी सुटलं तेव्हा त्याचा आवाज आला, गुळगुळ, तासाभरात मिरचीचा वाफा मोकळा. प्रत्येक आळ्याची उताराकडची कड फोडली, चारीतनं निघालेली माती वाफ्यांवर टाकून ते वर उचलले, गादीवाफे म्हणतात तसे. पाचट काढून एका बाजूला ढीग केला. नेट पण काढली, तिच्याखाली ओल कोंडत होती आणि आभाळ असताना सावली कशाला. आत्यांना हे बघवत नव्हतं. "पाणी बाहेर घालवतीयस, मार्चमधे रडशील," म्हणाल्या आणि माळ घेऊन पाठ करून बसल्या.

उरलेल्या टोमॅटोवर करपा आला, पानांवर गोल गोल ठिपके, आत वर्तुळं. आता मूळ मुद्दा. मी तुमचं शेतीचं पान उघडलं तर सल्ला होता, पण सगळा हेक्टरी. अमुक इतके ग्रॅम 500 लिटर पाण्यातून. माझी बादली दहा लिटरची! दुकानात गेले तर सगळ्यात छोटा पुडा पण माझ्या बागेला चार वर्षं पुरेल एवढा, आणि दुकानदार म्हणाला एवढ्याशासाठी कशाला, बाजारातनं टोमॅटो घ्या. शेवटी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, घरीच केलं. एक टक्क्याचं म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, मग पाच लिटरला पन्नास पन्नास ग्रॅम, हा हिशोब पोरीनं करून दिला, सातवीत आहे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवायचा, धातूचं भांडं चालत नाही, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. रंग इतका सुंदर येतो, आकाशी, लग्नातल्या मांडवाच्या कापडासारखा. त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस झाला तर चुना कमी आहे, अजून घाला. आमचा झाला. चमचा चमचा चुना वाढवत तिसऱ्या खिळ्याला रंग आला नाही तेव्हा गाळून फवारलं, त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवसाला ठेवायचं नसतं. वेलांवर मारलं नाही, कोवळी पानं भाजतात. चार झाडं वाचली.

इथं पण एक गाढवपणा केला. वांग्यांच्या मुळाशी हेच बोर्डो ओतलं आणि दोन दिवसांनी त्याच जागी ट्रायकोडर्मा दिलं, लिटरला पाच ग्रॅम, मोठ्या हौशीनं. ट्रायकोडर्मा ही पण एक बुरशीच, वाईट बुरशीला खाणारी, तर बुरशीनाशकाच्या पाठोपाठ ती कशी टिकणार. एक काहीतरी करायचं असतं. पाकिटावर लिहिलं असेल पण अक्षर मुंगीएवढं.

गोगलगायी पाचटाखालीच होत्या, ढीग केला तेव्हा कळलं. 2022 साली लातूर, बीड, उस्मानाबादकडे त्यांनी सोयाबीनचे कोंब फस्त केले तेव्हा तुमच्याकडे फोटो आले होते, शंखी गोगलगाय, तीच ही. तेव्हाचाच एक सल्ला लक्षात होता, गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकायचं. पहिल्या सकाळी गोणपाट उलटं केलं तर त्रेचाळीस निघाल्या, पोरीनं मोजल्या. हातमोजे घालून उचलायच्या, उघड्या हातानं नाही, आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. आत्यांनी या कामाला हात लावला नाही, माळकरी आहेत, पण बादलीत मीठ कमी पडतंय एवढं लांबून सांगितलं.

पाडव्याला लावलेला दोडका मात्र शेवटपर्यंत कळला नाही. वेल हिरवागार, मांडव भरला, फुलं भरपूर, दोडका एक नाही. मादी फुलामागची बोटभर दोडकी पिवळी होऊन गळायची. नंतर डोक्यात आलं की दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी आणि पाऊस पण येतो संध्याकाळी, मधमाशी येणार कधी? मग छत्री घेऊन मीच गेले. नर फुलाच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा भाग मादी फुलात हलकेच टेकवायचा. रस्त्यानं जाणारे बघत होते, बाई भर पावसात छत्री धरून वेलाशी काय बोलतीय. सहा दोडके लागले, त्यातल्या एकाला फळमाशी.

तृतीयेचं बी सगळं आळ्यातच कुजलं. पपई आडवी झाली. अळू मात्र छत्रीएवढा झाला, आणि ज्या वाफ्यात मेथी टाकली होती तिथं मेथी गेली नि आपोआप तांदुळजा आणि घोळ आली, महिनाभर तीच खाल्ली, लसूण-मिरचीवर परतून.

साहेब, विनंती एवढीच आहे. हल्ली शाळेशाळेत परसबागा आहेत, उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटातल्या बायकांनी घराघरात पोषण परसबागा केल्यात, शहरात गच्चीवर लोक भाज्या लावतात. हे सगळे तुमचे वाचक आहेत आणि कोणाकडे हेक्टर नाही. आठवड्यातून एक कोपरा द्या, औषधाचं माप लिटरला आणि खताचं माप चमच्यात, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पाणी वाचवायच्या सल्ल्याशेजारी दोन ओळी पाणी काढून द्यायच्या पण छापा. हवामान खात्याचा अंदाज तुम्ही पहिल्या पानावर देता आणि बागेचा सल्ला आतल्या पानावर गेल्या वर्षीचाच असतो, या दोघांची एकदा गाठ घालून द्या. शिवाय वाचकांनी काय केलं तेही मागवा, माझ्यासारख्या चुका दुसऱ्या कोणी तरी केल्याच असतील.

आणि एक प्रश्न, याचं उत्तर त्या कोपऱ्यात दिलंत तरी चालेल. जून लागला आणि पावसानं दडी मारली. मृग निघाला तरी आभाळ कोरडं, माती भेगाळायला लागली आणि नवीन लावलेली वांग्याची रोपं दुपारी मलूल. आत्या म्हणतात चारी बुजव आणि आळी पहिल्यासारखी कर. मी म्हणते बुजवायची नाही, परत कोसळला तर? सध्या आमची तडजोड अशी झालीय की चारीच्या तोंडाशी गोणपाटाचा बोळा कोंबलाय, पाऊस आला की काढायचा, गेला की घालायचा. बोळा घालायचं काम आत्यांकडे आणि काढायचं माझ्याकडे. काल रात्री दोन वाजता वीज चमकली तर दोघी एकदमच उठलो.

आपली एक वाचक,
ता. इंदापूर, जि. पुणे