क्लिकचा भाव नुसत्या स्पर्धेने चढत नाही

संपादक महोदय,

गुगलवरील जाहिरातींचे दर का वाढले, याविषयी आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. 'व्यवसाय वाढले, म्हणून बोली वाढली' असे त्यात एका वाक्यात उरकले आहे. मी तारकर्लीत चार खोल्यांचा होमस्टे चालवते आणि रात्रीची जेवणे आटोपली की जाहिरातीचे खाते स्वतःच बघते, म्हणून हे पत्र.

गुगलवर कुणी काही शोधले की त्या शब्दांसाठी आम्हा जाहिरातदारांच्या बोलींचा लिलाव होतो आणि जाहिरातीवर कुणी क्लिक केले की आमचे पैसे कापले जातात. 'तारकर्ली होमस्टे' या शब्दांवरचा क्लिक मला पावसाळ्यात ७-८ रुपयांना पडतो, नाताळात २५च्या वर जातो. त्याबद्दल तक्रार नाही. तेव्हा खोलीचा भावही चढलेला असतो. पण बोलीत माझ्यासमोर शेजारचे होमस्टेवाले क्वचितच असतात. असतात ती बुकिंग पोर्टल्स. ३,००० रुपयांची एक खोली जायला मला साधारण ४० क्लिक लागतात, म्हणजे नाताळात १,००० रुपये जाहिरातीतच गेले. वर १८ टक्के जीएसटी, आणि माझी नोंदणी नसल्याने तो परतही मिळत नाही. पोर्टलला त्याच खोलीमागे ५००-६०० रुपये कमिशन सुटते, तरी त्याला ही बोली परवडते. कारण त्याच्याकडे गेलेल्या माणसाला माझी खोली पसंत पडली नाही तर तो देवबागची घेतो, नाहीतर मालवणातले हॉटेल, आणि पुढच्या खेपेला त्याच अ‍ॅपवरून गोवा. माझ्याकडे येऊन नुसता फोटो बघून गेलेला माणूस म्हणजे पैसे पाण्यात. ज्याचे क्लिक असे वाया जात नाहीत, तोच भाव ठरवतो.

कहर म्हणजे माझ्या होमस्टेचे नाव टाकले तरी वर एका पोर्टलची जाहिरात येते. मग स्वतःच्याच नावावर बोली लावायची! कायद्याचा आधारही तोकडा आहे. मेकमायट्रिप या मोठ्या बुकिंग पोर्टलनेही हीच तक्रार केली होती. ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर दुसऱ्याचे नाव कीवर्ड (ज्या शोधावर आपली जाहिरात दिसावी तो शब्द) म्हणून वापरणे एवढ्यावरून ट्रेडमार्कचा भंग होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीचे जिथे चालले नाही, तिथे आमचे कोण ऐकणार?

जागाही आटल्या आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुगलने संगणकावरची उजवीकडची जाहिरातींची रांग काढून टाकली. शिवाय आम्ही निवडलेल्या शब्दांशी लोकांच्या शोधाची जुळणी आता इतकी सैल झाली आहे की 'मालवण स्कूबा' शोधणाऱ्यालाही होमस्टेच्या जाहिराती दिसतात. स्कूबावाले आणि आम्ही विनाकारण एकाच लिलावात.

आणि लेखात अजिबात नसलेली गोष्ट म्हणजे लिलाव चालवणाऱ्याचा हात. मालवणच्या बंदरावर सुरमईचा लिलाव होतो तेव्हा समोर कोण उभा आहे, कितीला अडला, हे डोळ्यांनी दिसते. इथे दुसऱ्याची बोली दिसत नाही. एरवी आपल्या खालच्या बोलीवाल्याला मागे टाकायला लागतील तेवढेच पैसे पडतात; पण खाली कुणीच नसले तरी किमान भाव असतोच, आणि तो कंपनी ठरवते. अमेरिकेतील मक्तेदारीच्या खटल्यात गुगलचे अधिकारी जेरी डिशलर यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये साक्ष दिली, की जाहिरातदारांना न सांगता दर ५ टक्क्यांनी, कधी १० टक्क्यांनीही वाढवले गेले. त्याच खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. शोधातील मजकुरी जाहिरातींचे दर प्रतिस्पर्ध्यांची फिकीर न करता वाढवता येतात, हेही निकालात आहे. ही 'स्पर्धा' कशी म्हणायची?

दर कमी करा, असे माझे म्हणणे नाही. महिन्याच्या बिलात दोन आकडे वेगळे दाखवावेत: खालच्या बोलीमुळे किती पैसे लागले आणि कंपनीच्या किमान भावामुळे किती. आपल्या स्पर्धा आयोगाने एवढे जरी सक्तीचे केले, तरी कुठली बोली सोडून द्यायची हे आम्हाला ठरवता येईल.

– एक होमस्टेचालक, तारकर्ली (ता. मालवण)