‘किमान देय’ भरून कार्डाचे कर्ज फिटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक एकूण देय रक्कम, दुसरी किमान देय रक्कम. महिनाअखेरीला ओढाताण झालेला माणूस दुसरा आकडा पाहतो, तेवढे पैसे भरतो आणि या महिन्याचे भागले असे समजतो. बँकेच्या लेखी तो थकबाकीदार होत नाही, विलंब शुल्कही लागत नाही. पण उरलेल्या बाकीवर चढणारे व्याज गृहकर्जाच्या चौपट-पाचपट असते, हे त्याला कार्ड देताना कोणी सांगितलेले नसते.

हिशेब रुपयांतच मांडतो. समजा कार्डावर ५०,००० रुपयांची जुनी बाकी आहे, नवी खरेदी पूर्ण बंद आहे आणि व्याज दरमहा ३.५ टक्के आहे. अनेक कार्डांचे दर ३ ते ३.७५ टक्क्यांच्या दरम्यान असतात. महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५. किमान देय रक्कम बाकीच्या ५ टक्के धरली तर भरायचे २,५०० रुपये. त्यातले २,०६५ व्याज आणि करात गेले, मुद्दलातून वजा झाले फक्त ४३५. बाकी कमी होते तशी किमान रक्कमही घटत जाते, त्यामुळे फेड आणखी रेंगाळते. एकही तारीख न चुकवता ही बाकी निम्म्यावर यायलाच साडेसहा वर्षे लागतात.

किमान रकमेमागे न जाता दरमहा २,५०० रुपये पक्के भरत राहिले, तर हेच कर्ज ४४ व्या महिन्यात फिटते आणि हातून साधारण १ लाख ८ हजार जातात. तेच ५०,००० पतपेढीतून १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता २,४०० रुपयांच्या आसपास बसतो आणि एकूण फेड सुमारे ५७,६०० होते. दरमहा खिशातून जाणारी रक्कम जवळपास सारखीच आहे, तरी एकूण फेडीत पन्नास हजारांचा फरक पडतो.

बिनव्याजी मुदतीबद्दलचा, म्हणजे खरेदीपासून देय तारखेपर्यंत व्याज न लागणाऱ्या काळाबद्दलचा, गैरसमज तर याहून महाग पडतो. बिलाची तारीख दरमहा १५ आणि देय तारीख पुढच्या महिन्याची ५ आहे असे धरू. २० मे रोजी ४०,००० चा फ्रिज घेतला. १५ जूनला बिल आले आणि ५ जुलैला २५,००० भरले. उरलेल्या १५,००० वर ६ जुलैपासून व्याज लागेल असे जवळपास प्रत्येकाला वाटते. ते २० मेपासून लागते. १५ जुलैच्या बिलापर्यंत ५६ दिवसांचे व्याज ९६६ रुपये आणि त्यावर कर धरून सुमारे १,१४० रुपये होतात. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत बिनव्याजी मुदत बंदच राहते, म्हणून ८ जुलैला भरलेल्या किराण्यावर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. सगळे पैसे चुकते केल्यावरही पुढच्या बिलात दोन-तीनशे रुपये व्याज दिसते, कारण बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे व्याज मागाहून लागते. ते पाहून लोक बँकेशी भांडतात, रक्कम अडवून धरतात आणि तेवढ्यासाठी दंड ओढवून घेतात. ती भरून टाकावी आणि त्याच्या पुढचे बिल शून्यावर आले का तेवढे पाहावे.

आणखी एक गोष्ट आजच तपासण्यासारखी आहे. ऑटो-पे चालू करताना ‘एकूण’ की ‘किमान’ असा पर्याय विचारतात. घाईत तिथे ‘किमान’ निवडले गेले असेल तर दर महिन्याला पैसे कापल्याचा मेसेज येत राहतो आणि आत बाकी वाढत असते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेले असेल तर भाजी, रिक्षा, चहा हे सगळे उधारीत जाते आणि बिल येईपर्यंत त्याची बेरीज कुणी करत नाही.

कार्डावर एटीएममधून रोकड काढणे तर टाळावेच. तिथे बिनव्याजी मुदत नसतेच, पहिल्या दिवसापासून व्याज चढते आणि वर शुल्क लागते, जे अनेक बँकांत अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये असते. काही दुकानदार कार्ड स्वाइप करून कमिशन कापून रोकड देतात. तो कार्डाच्या अटींचा भंग आहे आणि एका कार्डाची रक्कम भरायला दुसरे कार्ड स्वाइप करण्याचा फेरा बहुधा तिथूनच सुरू होतो.

व्याजाला कायद्याने लगाम आहे, असे कुणी समजत असेल तर तेही खरे नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. आता दर किती ठेवायचा हे बँक ठरवते. म्हणूनच आमची मागणी दराची नाही, माहितीची आहे. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घातले. तो बारीक इंग्रजी अक्षरांत, सर्वांसाठी एकाच साच्यात छापला जातो. त्याऐवजी पहिल्या पानावर, मराठीत, त्या ग्राहकाच्या स्वतःच्या बाकीचा हिशेब द्यावा: फक्त किमान रक्कम भरली तर किती महिने लागतील आणि एकूण किती रुपये जातील. व्याज रोजच्या रोज मोजणाऱ्या बँकांना हे मुळीच अवघड नाही. वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये आणि ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत टेबल टाकून कार्ड विकणाऱ्या मुलामुलींच्या हातीही हाच तक्ता द्यावा. विमानतळावरचे लाउंज आणि पॉइंट यांची माहिती त्यांना तोंडपाठ असते, व्याजाचा दर विचारला की मात्र ते अर्जाच्या मागच्या पानाकडे बोट दाखवतात.

जे आज अडकलेले आहेत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे क्रम चुकला की नुकसान वाढते. आधी त्या कार्डावरचा सगळा नवा खर्च थांबवावा, अॅप, ओटीटी, मोबाइल रिचार्ज यांच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसकट. मग बाकी स्वस्त कर्जात वळवावी. मुदत ठेव असेल तर तिच्या व्याजदरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने तिच्यावर कर्ज मिळते. घरात सोने असेल तर सोनेतारण. ठाणे आणि नवी मुंबईत कारखान्यांच्या, महापालिकांच्या, माथाडी कामगारांच्या पतपेढ्या आहेत. सभासद असूनही तिथे कर्ज मागायला लोक संकोचतात आणि कार्डाला त्याच्या तिप्पट व्याज देत बसतात. यातले काहीच शक्य नसेल तर बँकेकडे बाकीचे हप्ते पाडून मागावेत. ते करताना व्याजदर, प्रक्रिया शुल्क, व्याजावरचा जीएसटी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारे शुल्क हे चारही आकडे लेखी घ्यावेत. ठरलेला हप्ता पुढे किमान देय रकमेत पूर्णच्या पूर्ण धरला जातो, म्हणून तो झेपेल एवढाच ठेवावा. दुसऱ्या कार्डावर बाकी हलवण्याची सवलत ठरावीक महिनेच असते. ती संपली की मूळ दर लागतो.

तारीख चुकली तरी हातपाय गाळू नयेत. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येते आणि तेही न भरलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी यांच्यापुढे अब्रू काढण्याचा तर त्यांना कधीच अधिकार नाही. असे फोन आले की तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवावा. ‘पोलीस घरी येतील’ ही धमकी पोकळ आहे. कार्डाचे पैसे थकणे हा दिवाणी मामला आहे. मात्र दबावाखाली पुढच्या तारखेचे चेक लिहून देऊ नयेत. खात्यात पैसे नसताना चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या (चेकविषयक कायद्याच्या) कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि खात्यातून हप्ता कापण्याची मंजुरी दिलेली असेल तर तो परत जाण्यालाही तसाच कायदा लागू आहे.

सर्वांत जास्त फसगत ‘सेटलमेंट’मध्ये होते. लाखाची बाकी चाळीस हजारांत मिटवतो असा फोन येतो आणि माणूस हरखून जातो. पैसे भरण्याआधी बँकेचे पत्र हाती हवे. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, शेवटची तारीख आणि यानंतर काहीही येणे राहणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात जमा करावेत, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही देऊ नये. त्यानंतर ‘नो ड्यूज’चे पत्र घ्यावे. हे सगळे नीट केले तरी क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घराचे कर्ज मागताना तोच आडवा येतो. पूर्ण रक्कम हप्त्यांनी फेडणे शक्य असेल तर सेटलमेंटच्या वाटेला जाऊ नये. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात चूक दिसली आणि तक्रार करूनही ३० दिवसांत सुटली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

लोक अदालतीची नोटीस आली की घरात घबराट होते. ती अटकेची नोटीस नसते. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जावे, पण रक्कम पटली तरच सही करावी. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. सही करण्याआधी त्याच्याकडून कागद वाचून घ्यावेत.

कर्ज फिटल्यावर कार्ड कात्रीने कापले म्हणजे ते बंद झाले असे नाही. बंद करण्याची लेखी विनंती करावी. बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. ते मिळाले नाहीत किंवा इतर कोणत्याही तक्रारीवर बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही. सीबीडी बेलापूरला रिझर्व्ह बँकेचे कार्यालय असले तरी ही तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर किंवा चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने करायची असते. बँकेला दिलेल्या पहिल्या तक्रारीचा क्रमांक, तिची तारीख आणि वादातल्या महिन्यांची बिले सोबत जोडावीत. आधी बँकेकडे तक्रारच केलेली नसेल तर लोकपाल ती विचारात घेत नाही.

आपले,
काही निवृत्त बँक कर्मचारी,
ठाणे (पश्चिम)