फॉकलंडच्या ‘वॉरा’ची ओळख पटवून दिल्याबद्दल

अस्थिसंग्रह सांभाळणाऱ्या मॅडमना,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरचा वॉरा हा लांडग्या-खोकडासारखा दिसणारा प्राणी १८७६ मध्ये नामशेष झाला. त्याला मराठीत काय म्हणायचं, इथेच आमचं गाडं अडलं होतं. लांडगा म्हणावं तर तो लांडग्याच्या कॅनिस प्रजातीतला नाही, खोकड म्हणावं तर खोकडाच्या व्हल्पिसमधला नाही, आणि आपला कोल्हा तर वेगळाच. तुम्ही म्हणालात, नाव राहू द्या, आधी दाढा बघा. त्याबद्दल मनापासून आभार.

खालच्या जबड्यातली मांस कातरणारी दाढ व्हर्नियरने तीनदा मोजून सरासरी घ्यायची, कारण झिजलेली दाढ आखूड भरते. कवटीच्या तळाची शिवण मिटलेली नसेल तर प्राणी अजून वाढीचा आहे. त्याच्या आकारावरून जात ठरवायची नाही. कुल्पेओ हा दक्षिण अमेरिकेतला खोकडासारखा प्राणी; त्यातला दक्षिणेकडचा उत्तरेकडच्यापेक्षा थोराड असतो. त्यामुळे मुख्य भूमीवरचं मोठं हाड दिसलं की लगेच ‘डुसिसायन एव्हस’ (वॉराचा मुख्य भूमीवरचा, आता नामशेष झालेला नातलग) अशी चिठ्ठी लावली, तर फसगत होते. ही चूक तुम्ही वेळीच दाखवलीत.

डीएनएबद्दलचा तुमचा सल्ला तर सोन्याच्या मोलाचा. दाताचं मूळ मंद गतीनेच पोखरायचं. ड्रिल तापलं की आधीच तुटका डीएनए आणखी तुटतो. प्रत्येक बॅचबरोबर हाडाची पूड न घातलेली एक कोरी नळी चालवायची. तिच्यातही डीएनए सापडला तर अख्खी बॅच बाद. कुत्रा इथे मोठा शत्रू, कारण श्वानकुळासाठी बनवलेले प्रायमर (हवा तो डीएनए हेरून त्याच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे) त्याचाही डीएनए उचलतात.

अशाच जुन्या नमुन्यांमधून २००९ मध्ये कळलं की वॉराचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातलग दक्षिण अमेरिकेतला लांब पायांचा, आयाळवाला लांडगा आहे, आणि दोघांची फारकत सुमारे ६७ लाख वर्षांपूर्वीची. २०१३ मध्ये एव्हसच्या दातांनी आणखी जवळचा धागा दिला: वॉरा त्याच्यापासून जेमतेम १६ हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती आणि मुख्य भूमी व बेटांमधली सामुद्रधुनी अरुंद. तिच्यावरच्या बर्फावरून तो बेटांवर पोचला असावा, हे आम्हाला सर्वांत पटणारं उत्तर.

नमुना देताना तुमची एकच अट असते: मुळाचं काय ते करा, दाढेच्या माथ्याला हात लावू नका. त्यामुळेच तुमच्या खणातली दाढ अजून मोजता येते.

आपले ऋणी,
सस्तन प्राण्यांची मराठी सूची तयार करणारे